दुसरा प्रश्न

परवा जेवताना मुलाने मोबाईल पुढे केला. "बाबा, बघा, या खासदाराने मंत्र्याला कसला धुतलाय!" क्लिप होती चाळीसेक सेकंदांची. खासदार आवेशात, मागे कुणीतरी ढोल-ताशे जोडलेले, शेवटी बाकं बडवल्याचा आवाज. मी विचारलं, "मंत्री काय म्हणाला मग?" तो स्क्रीनवर बोट फिरवत राहिला. क्लिप तिथेच संपत होती.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकतो. लांबेल थोडं.

मंत्र्यावर ओरडणं सोपं असतं, आणि मंत्र्यालाही ते चालतं. पंधरा मिनिटं शिव्या खाऊन तो शांतपणे उठतो, विरोधकांच्या काळात काय काय झालं त्याची यादी वाचतो आणि खाली बसतो. त्याला खरा घाम फुटतो तो प्रश्नोत्तराच्या तासात, आणि तिथेही दुसऱ्या प्रश्नाला.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं. शिवाय २३० अतारांकित, त्यांची उत्तरं छापील. प्रश्न किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे पहिला प्रश्न हा खरं तर खासदाराने विचारलेला आणि खात्यातल्या कुणा अवर सचिवाने सोडवलेला पेपर. मंत्री तो फक्त पटलावर ठेवतो. पण त्यानंतर खासदाराला उपप्रश्न विचारता येतो आणि तो आधी कळवावा लागत नाही. तिथे फाईल संपते आणि मंत्री उरतो. मंत्र्याला खातं कळतं की नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात दिसतं. नजर अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे जाते, चिठ्ठी येते, ती वाचेपर्यंत "सन्माननीय सदस्यांनी अतिशय चांगला मुद्दा उपस्थित केला आहे" हे वाक्य सावकाश म्हटलं जातं.

अर्थात उपप्रश्न विचारायचा तर उत्तर वाचून यावं लागतं, आकडे तोंडपाठ लागतात, आणि पहिलं उत्तर कुठे गुळमुळीत आहे ते ओळखावं लागतं. त्याची क्लिप कुणी फिरवत नाही.

या बाबतीत मला कायम फिरोज गांधी आठवतात. १९५६मध्ये विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ आलं. पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. सभागृहात आधी प्रश्न आले, उत्तरं आली आणि त्या उत्तरांनी कुणाचं समाधान झालं नाही. मग १६ डिसेंबर १९५७ला फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: विमेदारांचा पैसा कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि कोणत्या भावाने गेला?

हे गृहस्थ काँग्रेसचे खासदार, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. समोर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. आज सत्ताधारी बाकांवरून मंत्र्याला असा प्रश्न येईल? मला तरी ती बाकं फक्त बडवण्यासाठी असतात असं वाटू लागलंय. तिकडून प्रश्न येतोच तर तो "मंत्रिमहोदय अमुक योजनेचे लाभ सांगतील का" असा, म्हणजे टाळीसाठी हात पुढे करून.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, सगळ्यांसमोर. गर्दी इतकी की बाहेर कर्णे लावावे लागले! मंत्र्याचं म्हणणं, सचिवाने परस्पर केलं. छागलांनी ते मानलं नाही: खात्याने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. (पुढे ते पुन्हा अर्थमंत्री झाले. आणि ज्या सचिवाकडे बोट दाखवलं होतं ते एच. एम. पटेलही १९७७मध्ये अर्थमंत्री झाले. राजकारण!)

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संसदेत काय बोललं गेलं ते वर्तमानपत्रांना बिनधास्त छापता यावं, असा कायदा १९५६मध्ये झाला. तो खासगी विधेयक म्हणून, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक म्हणून, आणला होता फिरोज गांधींनीच. आधी दरवाजा उघडून ठेवला आणि मग आत जाऊन बोलले. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७मध्ये परत आला.

आता आपल्या विधिमंडळाकडे. तिथली छापील प्रश्नोत्तरं कधी वाचलीत का? वाचाच. प्रश्नाची भाषा ठरलेली: "हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरंही ठरलेली: "हे खरे आहे", "हे खरे नाही", आणि माझं सर्वात लाडकं, "हे अंशतः खरे आहे". कोणता अंश, ते विचारायला कुणी उरलेलं नसतं. पुढे "कार्यवाही सुरू आहे". आणि शेवटी "प्रश्न उद्भवत नाही".

आम्ही ज्या पुलाची काही वर्षं वाट बघतोय त्याबद्दलचा एक प्रश्न मला असाच सापडला. काम रखडलं आहे काय? अंशतः खरे आहे. केव्हा पूर्ण होणार? कार्यवाही सुरू आहे. विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. तीन ओळी. मी त्या दोनदा वाचल्या आणि हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मंत्र्याने "बघतो, करतो" म्हटलं तर ते हवेत विरू नये म्हणून लोकसभेत १९५३पासून आश्वासन समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा. प्रत्यक्षात मुदतवाढ मागता येते आणि मागितली जाते. अर्थसंकल्पाचं तर बोलायलाच नको. खात्याच्या मागणीत, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमेत, फक्त शंभर रुपयांची कपात सुचवून त्या खात्याची एखादी तक्रार सभागृहात मांडता येते, इतकं सुंदर हत्यार नियमांत आहे. पण २०१८ आणि २०२३मध्ये सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या. कपात सुचवायची कधी आणि कुणी?

यावर विरोधकांचं उत्तर असतं गोंधळ. अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरायचं, फलक दाखवायचे, कामकाज तहकूब करायला लावायचं. कधीकधी दुसरा मार्ग ठेवलेलाच नसतो, हे मान्य. सरकार चर्चाच नाकारतं तेव्हा करायचं काय? पण प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडाला की २० तारांकित प्रश्नांचीही लेखी उत्तरं नुसती पटलावर जातात. उपप्रश्न नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. त्या दिवशी सर्वात निवांत कोण असतं ते तुम्हीच सांगा.

जेवणानंतर मुलाने उत्सुकतेने त्या क्लिपची तारीख शोधली. मग त्या दिवशीचं कामकाज शोधलं. प्रश्नोत्तराचा तास अकराला सुरू झाला होता आणि काही मिनिटांत तहकूब. त्याच खासदाराचा एक तारांकित प्रश्न त्या दिवशीच्या यादीत होता. चौथ्या क्रमांकावर.