टाकीवर ज्योत नकोच: ‘जुना इंदूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (खरं नाव लिहिलं नाहीत, पण गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) आठवणींवरून वयाचा अंदाज बांधला, चुकला असेल तर माफ करा),

येझदी मोटरसायकलच्या टाकीचा पोचा मी घरीच कसा काढला आणि रंगवला, तो माझा लेख वाचून तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. पोचा काढायला आठ दिवस कशाला, आपला मिस्त्री गॅसची ज्योत मारून अर्ध्या तासात काढतो. पुट्टी भरणं ही लबाडी, तिथे चुंबकही चिकटणार नाही. पुट्टी कोरडी घासा हे कोणी सांगितलं, अख्खं इंदूर पाणी लावून घासतं. आणि डबीतल्या स्प्रेचा रंग टाकीवर टिकत नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. लेख लिहिला तेव्हा रंग तीन आठवड्यांचा होता आणि मी खुशीत होतो. पाचव्या आठवड्यात पंपावर नळी काढताना थोडं पेट्रोल झाकणाखाली ओघळलं. घरी येईपर्यंत तिथला मरून रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. डबीतला साधा रंग नुसता थिनर उडून वाळतो. त्याला पुन्हा तसलाच द्रव भेटला की तो मऊ पडतो. हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग रासायनिक क्रियेने पक्का होतो, म्हणून तो पेट्रोलला दाद देत नाही. हे मला ठाऊक होतं. ‘वरून क्लिअरचा पारदर्शक थर मारलाय की’ अशी मनाची समजूत घातली, पण क्लिअरही त्याच जातीचं! आता सगळं उतरवून पेंटरकडून पीयू मारून घेतलंय. स्वतः मारलं नाही, कारण हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना लागतं आणि दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर करायचं ते काम नव्हे. मूळ लेखातही तशी दुरुस्ती केली आहे.

गॅसच्या बाबतीत मात्र मी तसूभरही हटणार नाही. तुमचा मिस्त्री म्हणतो, ‘टंकी खाली है भिया, कुछ नहीं होगा.’ अहो, खाली आहे हीच तर भीती. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते. त्याहून दाट असली तर पेटत नाही. भरलेल्या टाकीत ती दाट असते. रिकामी केलेली टाकी कधी ना कधी नेमकी त्या टप्प्यात येते. शिवाय वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळे झाकण उघडं ठेवलं म्हणून ती उडून जात नाही, तळाशी बसून राहते. त्यात माझी जुनी येझदी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा थर पत्र्याला आतून धरून असतो, त्यात पेट्रोल मुरलेलं असतं. पत्रा तापला की ते पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. सकाळी ज्या टाकीला वास नव्हता, तीच दुपारी गॅसखाली पेटायला तयार.

कॉलेजात असताना एका गॅरेजात मी हे पाहिलंय. आवाज फार मोठा नव्हता, नुसता ‘भप्प’. टाकी माठासारखी फुगली, खालची शिवण उसवली आणि उस्तादांच्या भुवया गेल्या. आधीच्या शंभर टाक्यांना काही झालं नव्हतं असं ते सांगत होते, आणि ते खोटंही नसावं.

आता पुट्टी. रंगपंचमीला गाडी राजवाड्याजवळच्या बोळात लावली होती. गेरच्या गर्दीत ती स्टँडवरून कलंडली आणि ओट्याच्या दगडाने टाकीला आठेक मिलिमीटर खोल पोचा पाडला. आतून ठोकायला जागा नाही, टाकीच्या पोटातून फ्रेमसाठी बोगदा गेलेला. मग टाकी साबणाच्या गरम पाण्याने तीनदा खळबळून धुतली, गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि ग्लूने चिकटवून ओढायची प्लास्टिकची बटणं लावली. पहिली तीन पटापट सुटली. गार पत्र्यावर ग्लू नीट धरायच्या आतच आळत होता. कोमट पाणी भरल्यावर जमलं. आठाचे दोन मिलिमीटर झाले. मधली घडी काही ओढून निघेना, तेवढी पुट्टीने भरली. लबाडी म्हणायची तर बोटभर पुट्टी थापून पोचा बुजवणाऱ्याला म्हणा, चुंबक चिकटत नाही तो तिथे. पूर्वी हेच काम शिसं-कथील वितळवून करत, पण त्यात पुन्हा ज्योत आलीच.

पाण्याने घासायचं म्हणाल, तर प्रायमर आणि रंग मीही पाण्यानेच घासतो, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने. पुट्टी नाही. तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. वरून रंग चढला की ते पाणी आत कोंडतं. मग फोड येतात आणि खाली गंज. अख्खं इंदूर तसं घासतं म्हणता, तर सियागंजच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या रंगवलेल्या टाक्या एकदा जवळून बघा. आठ दिवसांचं म्हणाल, तर त्यातले पाच नुसते वाळवण्यात गेले.

राहिला चुंबक. रविवारी सकाळी रामबागेत या, गाडी आमच्या ओट्यासमोरच उभी असते. चुंबक तुमचाच आणा. पोच्याची जागा मी दाखवणार नाही, तुम्ही शोधा.