‘एक पुणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पुणेकर’ यांस,
स.न.वि.वि.

‘पॅरिस फोटो’ या छायाचित्रांच्या मेळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘जे फोटो फोनवर फुकट दिसतात ते बघायला पॅरिसला जाणं म्हणजे शुद्ध मिरवणं. तो गॅलऱ्यांचा बाजार आहे, कलेचा काय संबंध? लेखही लांबलचक. बालगंधर्वच्या कलादालनात कधी पाऊल ठेवलंय का?’

लेख लांबला, मान्य. ग्रां पाले हे पॅरिसमधलं प्रदर्शनगृह दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा मेळा तात्पुरत्या वास्तूत भरायचा, 2024 मध्ये ग्रां पालेत परतला, हा इतिहास कापता आला असता.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘शुद्ध मिरवणं’ हे मत नव्हे, शेरा आहे, आणि तोही टोपणनावाआडून मारलेला. मी स्वतःच्या नावाने लिहितो. समोर बसून चहा पिताना हेच शब्द तुमच्या तोंडून निघाले असते का?

आता ते ‘फोनवर फुकट’. कॉलेजात असताना मी संध्याकाळी लक्ष्मी रोडवरच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काम करायचो. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहायचं, सावल्या भरल्या की उचलायचा, शेवटी फोटो पक्का करणारं रसायन, हायपो. बोटांचा तो वास अंघोळीनेही जात नसे. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हात धरून चेहऱ्यावरचा उजेड जरा अडवला, आकाशाला थोडे सेकंद जास्त दिले, की त्याच निगेटिव्हमधून वेगळाच फोटो निघतो. हे हातांनी केलेल्या माणसाला फोटो कुठे बघावा ते तुम्ही शिकवणार!

फोनवर दिसतो तो मागून उजेड सोडलेला, तळहाताएवढा तुकडा. सिल्व्हर प्रिंटमध्ये चांदीचे कण कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतात, उजेड वरून पडतो आणि कागदावरून परत येतो. त्या काळ्यात किती छटा आहेत ते नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही. निगेटिव्ह झाल्यावर लगेचच्या काळात काढलेली प्रिंट, म्हणजे ‘व्हिंटेज’, आणि अनेक वर्षांनी त्याच निगेटिव्हवरून काढलेली प्रिंट यांत छायाचित्रकाराची बदललेली नजर दिसते. फोनवर दोन्ही एकच. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचा ‘ऱ्हाइन 2’ हा फोटो तीन मीटरहून रुंद आहे. फोनवर ते हिरवे-करडे पट्टे. 2011 साली लिलावात त्याला 43 लाख डॉलर आले ते काही पट्ट्यांसाठी नव्हे. गाणं फोनवर ऐकू येतं म्हणून सवाईच्या मांडवातली गर्दी हटली का?

बाजाराचं म्हणाल, तर 1997 पासून तो गॅलऱ्यांचाच मेळा आहे, आणि लेखाच्या पहिल्याच ओळीत मी तसं लिहिलंय. तिथपर्यंत तरी वाचायचं होतंत. फोटोखाली किमतीची चिठ्ठी आपल्याकडच्या प्रदर्शनांतही लावतातच की.

राहिलं बालगंधर्व. तिथे पाऊल ठेवलंय, इतकंच नव्हे तर माझ्या स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन तिथे झालंय. त्याची अभिप्रायवही अजून माझ्या कपाटात आहे. काल मुद्दाम काढून चाळली. त्यात कुणा ‘एक पुणेकर’ यांची सही नाही.

यापुढे निनावी प्रतिक्रिया इथे ठेवल्या जाणार नाहीत. तुमची ठेवतोय.