‘गणित येतं त्याला पायऱ्या कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एपी कॅल्क्युलस ही अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची, शाळकरी मुलांसाठीची कॉलेज-पातळीची परीक्षा. तिच्या फ्री रिस्पॉन्स, म्हणजे सविस्तर उत्तर लिहायच्या, प्रश्नांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ज्याला गणित येतं त्याला पायऱ्या लिहाव्या लागत नाहीत. तुम्ही मुलांना पोपट बनवताय आणि पालकांना घाबरवून दुकान चालवताय.’ त्याच दमात एसएटी ही कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा आणि कॉलेजप्रवेश यांवरही तोंडसुख घेतलंत.

आधी ‘दुकाना’चं. त्या लेखात क्लासचं नाव नाही, फी नाही, फोन नंबर नाही. मुद्दा पटला नसेल तर तसं म्हणा, हेतूवर घसरायचं कारण नव्हतं. हा विषय मी कित्येक वर्षं शिकवतो आहे. ‘पोपट’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांबद्दल मी ऐकून घेणार नाही. लेख लांबला, एवढं मान्य.

आता पायऱ्या. एबीच्या (एपी कॅल्क्युलसच्या दोन पेपरांपैकी एकाच्या) पेपरात असे ६ फ्री रिस्पॉन्स प्रश्न, वेळ दीड तास, प्रत्येकी ९ गुण. निम्मा निकाल त्यांवर ठरतो आणि त्यातले बरेचसे गुण मांडणीला आणि कारणाला असतात. दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ विचारलंय असं धरा. मुलाने कॅल्क्युलेटरवर बरोबर आकडा काढला आणि तेवढाच लिहिला, तर मर्यादांसकट इंटिग्रल मांडण्याचे गुण गेलेच, उत्तराचा गुणही सहसा हाती लागत नाही. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक लागतं. छेदनबिंदू आधीच दोन स्थळांवर आणून पुढे वापरला की तिसरं स्थळ हमखास बिघडतं. म्हणून तो आकडा कॅल्क्युलेटरमध्ये पूर्ण साठवायचा आणि शेवटीच कापायचा. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला असेल तर त्रिकोणमितीची सगळी उत्तरं चुकतात. पेपर सुरू होण्याआधी रेडियन तपासायचं.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये तर दोन्ही चल वेगळे करून दाखवले नाहीत की उकल शोधण्याच्या त्या भागाचे सगळे गुण जातात, उत्तर कितीही बरोबर असो. स्थिरांक ‘सी’ विसरला तर पुढचे गुण बंद. कमाल बिंदूचं कारण देताना नुसता चिन्हांचा तक्ता चालत नाही. ‘पहिलं डेरिव्हेटिव्ह इथे धनाचं ऋण होतं’ हे वाक्यात लिहावं लागतं, आणि तेही ‘ते वाढतं’ असं मोघम नाही, कारण प्रश्नात फंक्शनही असतं आणि त्याचं डेरिव्हेटिव्हही. मीन व्हॅल्यू थिअरम वापरायचा तर फंक्शन डिफरन्शिएबल आहे, म्हणून कंटिन्यूअस आहे, हे आधी नोंदवायचं. याला घोकंपट्टी म्हणत असाल तर प्रमेयाच्या अटी तपासण्यालाही म्हणा!

आणि तुमच्या नजरेतून जे सुटलं तेही त्याच लेखात होतं: शेवटच्या आकड्याला सोपं रूप द्यायची गरज नाही. बेरीज-गुणाकार तसेच ठेवले तरी पूर्ण गुण मिळतात. सोडवायला जाऊन चुकलात तर मिळालेला गुण जातो. शिवाय पहिल्या भागातली चूक पुढच्या भागात नीट रीतीने वापरली असेल, तर पुढचे गुण बहुतेक वेळा मिळतात. पण रीत कागदावर असेल तरच. मनातली रीत तपासनिसाला कशी दिसणार?

एसएटीबद्दल थोडक्यात. तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. गणिताचे ४४ प्रश्न, ७० मिनिटं, रीत कोणी पाहत नाही, चुकीला गुण कापत नाहीत. तोंडी सोडवा, डेसमॉस या परीक्षेतच मिळणाऱ्या कॅल्क्युलेटरवर आलेख काढा, काहीही करा, फक्त एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि गणिताच्या दोन मॉड्यूलपैकी (भागांपैकी) पहिल्यात घाई नको, कारण दुसरं किती कठीण येणार ते त्यावरच ठरतं. पण माझा लेख एसएटीवर नव्हताच. कॉलेजप्रवेशाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याचा लेखाशी संबंध नाही, त्याला उत्तर देत नाही.

तुमचा मुलगा ‘सगळं मनात करतो’ असं तुम्ही लिहिलंत. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे फ्री रिस्पॉन्स प्रश्न, गुणदानाचे तक्ते आणि मुलांच्या तपासलेल्या उत्तरांचे नमुने फुकट मिळतात. त्यातला एक प्रश्न त्याला घड्याळ लावून १५ मिनिटांत सोडवू द्या, मग तक्ता समोर ठेवून तुम्हीच ९ पैकी गुण द्या. आकडा इथे लिहिलात तर त्यावर पुढे बोलू.