लेकराच्या बुधासाठी पन्ना घेणाऱ्या आई-बापांसाठी

लातूरमध्ये नीटची परीक्षा जवळ आली की सराफ लाईनीत पन्न्याची विचारपूस वाढते. पत्रिका दाखवली, बुध कमजोर निघाला, लेकराचं अभ्यासात लक्ष लागंना, सव्वापाच रत्तीचा पन्ना घालायला सांगितलाय, असं म्हणत रोज कुणी ना कुणी येतंच. मी याच धंद्यात वाढलोय आणि पाचू (पन्ना म्हणजे तोच) माझं सगळ्यात आवडतं रत्न आहे, म्हणून आज जरा लांबलचक लिहायलोय, वेळ काढून वाचा.

आधीच सांगतो, माझी पाचूवर श्रद्धा आहे. गरुडपुराणात गोष्ट आहे, बलासुराच्या देहापासून रत्नं झाली, त्याचं पित्त घेऊन वासुकी निघाला होता, वाटेत गरुडानं झडप घातली आणि ते पित्त जिथं सांडलं तिथं पाचूची खाण झाली. पाचू विष उतरवतो असंही तिथंच सांगितलंय. नवग्रहांत तो बुधाचा, आणि बुधाकडं बुद्धी, वाणी, हिशोब, व्यापार, त्यामुळं व्यापारी आणि विद्यार्थी त्याच्याकडं ओढले जाणारच. बुधवारी सकाळी आंघोळ करून, खडा कच्च्या दुधात आणि गंगाजलात धुवून, 'ॐ बुं बुधाय नमः' म्हणत करंगळीत घालायचा. आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्या पाच मिनिटांत मन खरंच शांत होतं, हे मी कुणाशीही वाद घालून सांगीन.

पण खडा कसा घडतो तेही माहीत पाहिजे ना. पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज, त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम अगदी कणभर मिसळलं की हा हिरवा रंग येतो. गंमत अशी की बेरिलमधलं बेरिलियम आणि रंग देणारं क्रोमियम वेगवेगळ्या जातीच्या दगडांत असतात, जमिनीच्या पोटात त्यांची गाठ पडणंच अवघड, म्हणून हे रत्न दुर्मिळ. कोलंबियाचा अस्सल खडा लॅबच्या मायक्रोस्कोपखाली बघायला मिळाला तर सोडू नका. आत एक दातेरी कडांची बारीक पोकळी दिसते, तिच्यात खारं पाणी, पाण्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा एक चौकोनी स्फटिक. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी ओ ते! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात जोडले होते.

जुन्या काळी पाचू इजिप्तच्या खाणींतून यायचा. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तिथले खडे गोव्यामार्गे मुघलांपर्यंत पोचायला लागले. त्यातला एक तर बघा, 'मुघल एमराल्ड' म्हणतात त्याला, २१७.८० कॅरेटचा, एका बाजूला फुलं कोरलेली आणि दुसऱ्या बाजूला बारा इमामांसाठीची दुआ. त्याच्यावर हिजरी ११०७ कोरलंय, म्हणजे इसवी सन १६९५-९६. औरंगजेब तेव्हा दख्खनमध्येच होता, त्याची कबर आपल्या खुलताबादला. पण तो सुन्नी आणि दुआ शिया पंथाची, त्यामुळं हा खडा त्याच्या एखाद्या सरदाराचा असावा असं अभ्यासक मानतात. २००१ साली लंडनच्या लिलावात तो १५ लाख पौंडांच्या वर गेला. आणि ज्या निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत आपला मराठवाडा होता त्याचे दागिने, त्यात पाचूही आले, भारत सरकारनं १९९५ साली २१८ कोटींना विकत घेतले. राजे-नवाब पाचू बाळगायचे ते हौसेनं, भक्तीनं, इभ्रतीसाठी.

आता आपल्याकडं काय चाललंय? मागं औसा भागातले एक मामा आले होते. सोयाबीन विकून पस्तीस हजाराचा 'पन्ना' घेतलेला, दुसरीकडून, बिल नाही, कागद नाही, "हा घातला नाही तर पोरीचं वर्ष वाया जाईल" असं सांगून गळ्यात मारलेला. भिंगातून बघितलं तर आत गोल गोल बुडबुडे, सरळ काच. मामा म्हणले, "लेकरासाठी घेतलं ओ, आता तिला काय सांगू?" तो आवाज अजून कानात आहे. माझा राग इथंच आहे. मंत्रात, विधीत कुठंच आई-बापाला भेव दाखवलेलं नाही, ते भेव विकणाऱ्यानं घातलंय. अभ्यास पोरगीच करणार, तिच्या मनाला आधार म्हणून अंगठी असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी वर्षाचं पीक घालवायचं नाही.

घ्यायचाच असेल तर जीआयए, आयजीआय किंवा जयपूरच्या आयआयजीजे-आरएलसीसारख्या (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) नावाजलेल्या लॅबचं सर्टिफिकेट मागा, आणि त्यात तेलाचं काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं, ती जुनी पद्धत आहे, लबाडी नाही, पण तेल किती ते सांगून विकलं पाहिजे. असा खडा गरम पाण्यात किंवा अल्ट्रासोनिक मशीनमध्ये अजिबात धुवू नका, तेल निघालं की भेगा उघड्या पडतात.

बजेट नसेल तर हिरवा ओनेक्स (एक स्वस्त उपरत्न) घ्या, आणि ओनेक्स म्हणूनच घ्या. रंग चढवलेला असतो, काहीशे रुपयांत येतो, त्यात कमीपणा कसला? आपल्या पैठणहून पहिल्या शतकात ओनेक्सचे दगड गाड्यांत भरून गुजरातच्या भडोच बंदराला जायचे आणि तिथून जहाजानं पार रोमपर्यंत, 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या या मालाची नोंद आहे. धाराशिवजवळच्या तेरच्या कापडाचीही आहे. त्या दगडाला आपल्या मातीतलाच मान आहे, मग त्याला पन्ना म्हणून कशाला खपवायचं?

ज्यांनी आधीच खडा घेतलाय आणि मनात शंका आहे त्यांनी कुठल्याही ओळखीच्या सराफाकडं जाऊन भिंगातून बघून घ्या. माझ्याकडं आलात तरी चालेल, बघायचे पैसे मी घेत नाही. आणि काच निघालीच, तर पोरीला परीक्षा होईपर्यंत सांगू नका.