डोक्यावरचा काळा चट्टा आणि ओझोनचं पॅकेज

'हेअर ट्रान्सप्लांटनंतर कातडी काळी पडली तर घाबरू नका. ओझोन थेरपी घ्या. मेलेली कातडी जिवंत होते, केस परत येतात. अँटिबायोटिक बंद करा. ओझोन म्हणजे शुद्ध ऑक्सिजनच, साइड इफेक्ट शून्य. अमेरिकेत मान्यता.' नागपुरातल्या कितीतरी ग्रुपवर फिरणारा हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. कपाळाच्या वर रुपयाएवढा काळा चट्टा घेऊन या पठ्ठ्याने सर्जनच्या आधी ओझोनवाल्याला फोन लावला. काऊन रे बाबा?

सगळ्यात घातक भाग आधी. ग्राफ्ट, म्हणजे केसांच्या मुळांचे काढलेले बारीक पुंजके, बसवायला कातडीत शेकडो बारीक छेद करतात. ते फार दाट किंवा खोल झाले, रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन जास्त टोचलं गेलं, पेशंट सिगारेट ओढणारा किंवा शुगरवाला असला, तर तिथला रक्तपुरवठा तुटू शकतो. कातडी आधी जांभळट होते, मग काळी आणि कडक. हे नेक्रोसिस, म्हणजे कातडी मरणं. ग्राफ्टभोवतीची बारीक तपकिरी खपली वेगळी, ती साधारण आठ-दहा दिवसांत गळून जाते. सलग काळा, दुखरा चट्टा दिसला की त्याच दिवशी सर्जनला दाखवायचा. लवकर पकडलं तर रक्तप्रवाह वाढवणारं नायट्रोग्लिसरिनचं मलम, ड्रेसिंग, जंतुसंसर्गावर औषध असं काही करता येतं. मेलेली कातडी जिवंत कोणीच करत नाही; ती काढावी लागते किंवा गळते, आणि मागे व्रण राहतो. अशा वेळी अँटिबायोटिक परस्पर बंद करायला सांगणारा माणूस जखम चिघळली तर फोन उचलणार आहे का?

'अमेरिकेत मान्यता' तर धडधडीत खोटं. तिथल्या एफडीएच्या, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमावलीतच लिहिलंय की ओझोन हा विषारी वायू आहे आणि उपचारात त्याचा कोणताही ज्ञात उपयोग नाही. जंतू मारायला तो जितका लागतो, तितका माणसाला सुरक्षितपणे सोसत नाही, हेही तिथेच आहे. मेसेज पाठवणाऱ्यांनी हा एक परिच्छेद वाचला असता तरी पुरे होतं.

'शुद्ध ऑक्सिजनच' म्हणे! ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, ओझोनमध्ये तीन, आणि त्या तिसऱ्यामुळेच तो समोर येईल त्याचं ऑक्सिडेशन करत सुटतो. श्वासात गेला तर फुप्फुसाला त्रास, शिरेत वायू सोडला तर एम्बॉलिझमचा, म्हणजे बुडबुड्याने रक्तवाहिनी अडण्याचा, धोका. दाबाच्या चेंबरमध्ये देतात तो हायपरबॅरिक ऑक्सिजन वेगळा. काही डॉक्टर तो अशा जखमांसाठी वापरतात. दोन्हींची सरमिसळ करून पॅकेज विकलं जातं.

अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ओझोन जंतू मारतो, पाणी शुद्ध करायला वापरतात. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर त्याचे प्रयोगही झालेत. पण वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात असे फक्त तीन प्रयोग सापडले, मिळून 212 पेशंट, आणि निष्कर्ष काय तर पुरावा अपुरा. तोही पायाचा. डोक्यावर लावलेल्या ग्राफ्टचा नाही.

'केस परत आले'चे फोटो? लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप उगवायला लागतात. या काळात डोक्यावर काहीही केलं तरी श्रेय त्यालाच मिळतं. व्रण झालेल्या जागी मात्र केस येत नाहीत. तिथे पुन्हा ग्राफ्ट लावायचा विचार व्रण पक्का झाल्यावरच.

ज्याने ट्रान्सप्लांट केलं तो सर्जन टाळाटाळ करत असेल, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी गाठा. आणि ओझोनवाल्याकडे गेलातच, तर वायूचं प्रमाण एका मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम हे पावतीवर लिहून मागा, खाली डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. भाच्याने मागितलं, तर समोरून 'सर मीटिंगमध्ये आहेत' असं उत्तर आलं.