ऑटोमॅटिक झटका देतेय म्हणजे गिअरबॉक्स गेला? थांबा जरा

परवा एकाच दिवशी तोच मेसेज दोनदा आला, आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग मामांकडून. थोडक्यात असा: "१० वर्षांपुढची ऑटोमॅटिक झटके द्यायला लागली की गिअरबॉक्स गेला समजा. ऑइल अजिबात बदलू नका, बदललं की उरलासुरला गिअरबॉक्सही मरतो, तसंही ते ऑइल लाइफटाइम असतं. सिग्नलला आणि घाट उतरताना एन (न्यूट्रल) मध्ये टाका. बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह ओता आणि चालतेय तोवर विकून मोकळे व्हा." खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

मी काही मेकॅनिक नाही, पण २०१० ची ऑटोमॅटिक हॅचबॅक पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवतोय आणि हा झटका मी स्वतः भोगलाय, म्हणून लिहितोय.

आधी झटक्याचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी कात्रजचा घाट चढून गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा हिसका द्यायची की मागे बसलेली आई दर वेळी "काय रे आपटलं?" विचारायची. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ८० हजार धरून चला. दुसऱ्याने इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर एक थेंब टेकवला आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसला. थेंब तांबूस-तपकिरी होता, जळका वास नव्हता, पण लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली. कूलरच्या नळीची क्लॅम्प सैल होऊन महिनोन् महिने तेल झिरपत होतं, आणि वर इंजिनाचं एक माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, फाटलेलं, त्यामुळे छोटा हिसकासुद्धा धाडकन जाणवायचा. नळी, माउंटिंग, फिल्टर, ऑइल, सगळं १५ हजारांच्या आत झालं. गाडी अजून चालतेय.

म्हणजे झटका हा एक रोग नाही, तापासारखं लक्षण आहे. कमी ऑइल, फाटलेलं माउंटिंग, बिघडलेला सोलेनॉइड (गिअर बदलण्यासाठी ऑइलचा मार्ग उघडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), स्पीड सेन्सर, कधीकधी तर नुसती मरायला टेकलेली बॅटरी. जुन्या ४ स्पीड गाड्यांत कंट्रोल युनिटला काही गडबड दिसली की ते गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या गिअरवरच अडकवून ठेवतं, जास्त नुकसान होऊ नये म्हणून, मग सिग्नलवरून गाडी उठतच नाही आणि माणूस म्हणतो संपला गिअरबॉक्स. आधी स्कॅनर लावा, तो गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो. पी०७०० हा कोड आला तर तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या युनिटकडे तक्रार नोंदलीय, खरी तक्रार त्याच्या जोडीच्या कोडमध्ये असते, तो वाचून घ्या.

आणि हो, तुमची ऑटोमॅटिक नक्की कुठली ते आधी बघा. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरियोपासून जी एएमटी आली ती आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतं. तिच्यात थोडा हिसका असतोच, आणि क्लच प्लेट झिजून बदलावी लागली तर तो नेहमीचा खर्च, गिअरबॉक्सचा मृत्यू नव्हे. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे लोक ती प्लेट स्वतःच जाळतात, ते वेगळं.

आता ऑइल बदललं की मरतो, हे. यात चिमूटभर खरं आहे म्हणून तर ते पसरतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या) ऑटोमॅटिकच्या आत ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा असतात. त्यांचं अस्तर झिजून संपलेलं असेल, म्हणजे रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही अशी अवस्था, तर नवीन ऑइल ते अस्तर परत आणत नाही, उलट जुन्या तेलात तरंगणाऱ्या भुकटीने जी थोडीफार पकड दिलेली असते तीही जाते. लोक नेमकं त्या टोकाला जाऊन ऑइल बदलतात, आठवड्यात गाडी बसते, आणि खापर ऑइलवर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. गाडी नीट चालत असेल तर बदला, फक्त प्रेशर मारून फ्लश करू नका. ड्रेन नट उघडला की साधारण निम्म्याच्या आतबाहेर ऑइल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं, म्हणून थोडे किलोमीटर चालवून पुन्हा तेच करायचं, दोन-तीनदा. आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. "सगळं लाल तेल सारखंच" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

लाइफटाइम? कुणाच्या लाइफचा टाइम ते कुणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा फार तर ८ वर्षांनी बदला म्हणते. त्यात आपला उन्हाळा आणि हिंजवडीचा संध्याकाळचा ट्रॅफिक धरा.

घाट उतरताना एन, हे वाचून मात्र खरंच डोकं फिरलं. पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिन इंधन तोडतं, एन मध्ये टाकलं तर उलट आयडलिंगला पेट्रोल लागतं. शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं आणि सगळा भार ब्रेकवर. वरंधा घाटात ब्रेक तापून पेडल खाली गेलं की हे जनहितार्थवाले येणारेत का सोडवायला? २ किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) मध्ये टाका आणि निवांत उतरा. बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढतही नेऊ नका, इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आतलं सगळं कोरडं घासतं. फ्लॅटबेडच मागवा.

अ‍ॅडिटिव्ह: रबरी सील थोडे फुगवून बारीक गळती काही दिवस कमी करेल. झिजलेलं अस्तर उगवत नाही.

राहिलं विकणं. ऑइल काळं, जळका वास आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनमध्ये चमचमणारा चुरा निघाला तर मीही म्हणेन की हिशोब करा, रिबिल्ड किंवा कुर्ल्याहून जुना गिअरबॉक्स आणि वर १५ वर्षांनंतरचं आरसी नूतनीकरण, एवढं त्या गाडीत घालायचं का. पण दोष लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारा हा सल्ला जनहितार्थ कसा हे मला कळलेलं नाही.

मामांनी मेसेज का पाठवला ते रविवारी कळलं, त्यांचीच गाडी झटके देतेय. जाऊन डिपस्टिक बघितली, लेव्हल बरोबर, वास नाही. स्कॅनरवर पी०७५३ आला, सोलेनॉइडच्या विजेच्या सर्किटचा, आणि बॅटरी सहा वर्षं जुनी. म्हटलं मामा, आधी बॅटरी बदलू, मग सोलेनॉइडचं कनेक्टर उघडू. ते म्हणाले, "अरे पण मी ओएलएक्सवर फोटो टाकलेत." काढायला लावले.