मुलाखतीला दुभाषा कोण देणार?

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. वय 26, आयटीआय फिटर. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लूमवर असतो. मी एकदा त्याचा डबा द्यायला आत गेले होते. तिथे लूमचा खडखडाट एवढा की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. धागा तुटला की बोटं कात्रीसारखी हलवायची, बॉबिन संपलं की मूठ फिरवायची, साहेब येताना दिसले की खांद्याला हात लावायचा. चांगले कान असलेली माणसंही दिवसभर हातांनीच बोलतात. यातल्या निम्म्या खुणा माझ्या भावाने बसवून दिल्यात. त्याचा मुकादम मला बाहेर येऊन म्हणाला, "ताई, त्याले ऐकू येत नही, पन काम बठ्ठं येस." म्हणजे काम सगळं येतं.

तेव्हा अडचण कामाची नाहीच. अडचण आहे त्या कामापर्यंत पोचण्याची.

मागच्या फेब्रुवारीत त्याने एका सरकारी कार्यालयातल्या राखीव जागेसाठी अर्ज केला. प्रवर्ग कर्णबधिर, सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), बेरा या श्रवण चाचणीचा रिपोर्ट, सगळं जोडलेलं. आणि मुलाखतीचा निरोप आला फोनवर! फोन थरथरला, त्याने उचलला, आणि स्क्रीनकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी धावत गेले, तोवर नावापुढे शेरा पडला होता: "उमेदवाराने प्रतिसाद दिला नाही." मी म्हटलं, साहेब, ऐकू येत नाही म्हणूनच तर तो या जागेला पात्र आहे. एक मेसेज टाकला असता तरी चाललं असतं. "ताई, यादी वर गेली आता." त्या दिवशी मी रिक्षात रडले. भावाने कारण विचारलं तेव्हा कोणती खूण करावी तेच मला सुचेना.

कायदा आपल्याकडे चांगला आहे, हे मी मनापासून म्हणते. दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण होतं, 2016 च्या कायद्याने ते 4 टक्के केलं. त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. दिव्यांगांना गरजेप्रमाणे सोयी करून द्याव्यात, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. पण मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषा आणायचा कुणी, त्याचे पैसे भरायचे कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बघतात. जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीतून, दिव्यांगांना शिलाई मशीन, पिठाची गिरणी मिळते. ज्याला हवी त्याला जरूर मिळावी. पण ज्या पोराला नोकरी करायचीये, त्याला गिरणी देऊन काय होणार?

ब्रिटनमध्ये 1994 पासून 'अ‍ॅक्सेस टू वर्क' नावाची सरकारी योजना आहे. कर्णबधिर माणसाला कामावर सांकेतिक भाषेचा दुभाषा लागला तर तिच्यातून मदत मिळते, मुलाखतीच्या दिवसासाठीसुद्धा. ज्याला बसने जाणं जमत नाही, त्याच्या टॅक्सीच्या खर्चालाही. आपल्याकडे एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण आमच्या शेजारच्या पोलिओ झालेल्या मावशींना एसटीची पहिली पायरीच चढवत नाही. त्यांनी चोपड्याची नोकरी त्यापायी सोडली. तिकीट कितीही स्वस्त केलं तरी त्यांना काय उपयोग?

मालकांनाही मी सरसकट दोष देणार नाही. भावाच्या कारखान्यात भोंग्याला जोडून एक लाल दिवा बसवायचा होता. मालक नको म्हणाले नाहीत, फक्त "बघू" म्हणत वर्ष गेलं. शेवटी वायरमनला मी पैसे दिले. अशा बारीकसारीक खर्चाला सरकारने पहिल्या सहा महिन्यांसाठी हात दिला, तर डाळमिलवाला, पाइपवाला, चटईवाला, कुणीही एक पोरगा घेऊन बघेल. खासगी मालकांना 5 टक्के दिव्यांग कामगार ठेवण्यासाठी प्रोत्साहन द्यावं, हे 2016 च्याच कायद्यात आहे. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात एक दुभाषा कायमचा बसवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिघांना मिळून तीन माणसं. दिल्लीत सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 पासून आहे, तिथे दुभाषे तयार होतात.

आणि एक. कर्णबधिर मुलींना तर घरचेच बाहेर पाठवत नाहीत. "कुणी हाक मारली तर कळायचं कसं?" ही आईची भीती मला कळते. तिला समजावायलाही कुणीतरी दारात जायला हवं.

येत्या 20 तारखेला भावाची नाशिकला दुसऱ्या एका जागेसाठी मुलाखत आहे. या वेळी पत्र आलंय. मी पतपेढीतून दोन दिवसांची बिनपगारी रजा टाकलीये, दुभाषा म्हणून मीच जाणार. 'करार', 'वेतनश्रेणी', 'परिवीक्षा' (म्हणजे प्रोबेशन) या शब्दांच्या खुणा रोज रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसवतोय.